मॉनिटर जोडला की लॅपटॉपचं वायफाय रखडतं? आधी वायर काढून बघा

गेल्या पावसाळ्यात मी घरी २७ इंची मॉनिटर घेतला, २५६० बाय १४४० वाला. शनिवारी आला, त्याच संध्याकाळी टेबलावर लावला, बॉक्समधलीच एचडीएमआय वायर लॅपटॉपला जोडली आणि काम मस्त सुरू झालं. सोमवारी सकाळी ऑफिसच्या कॉलवर माझा आवाज तुटायला लागला, समोरचे म्हणे तू रोबोटसारखा बोलतोयस. मी इंटरनेटवाल्यांना फोन केला, त्यांचा मुलगा आला, त्याने मोबाइलवर स्पीड टेस्ट करून दाखवली, शंभर एमबीपीएसच्या प्लॅनला ९४ येत होते, "सर लाइन एकदम ओके आहे" म्हणून गेला. पुढच्या दोन आठवड्यांत तो अजून दोनदा आला, मी नवीन राउटर घेतला, विंडोज परत टाकलं, तरी तेच.

मग एका गुरुवारी लाइट गेली. आमच्याकडे राउटर इन्व्हर्टरवर आहे पण ज्या पॉइंटवर मॉनिटर आहे तो इन्व्हर्टरवर नाही, त्यामुळे मॉनिटर बंद पडला, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला आणि त्याच क्षणी कॉल एकदम स्वच्छ झाला. सगळे म्हणाले आता नीट ऐकू येतंय. अर्ध्या तासाने लाइट आली, मॉनिटर उजळला, आणि आवाज परत तुटायला लागला. तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं की लाइन, राउटर, विंडोज यांचा काही संबंधच नाही, हे मॉनिटरचं आहे.

हे सगळं लिहितोय कारण वर्क फ्रॉम होमवाले, ऑनलाइन क्लास घेणारे, कॉलेजची पोरं, आता सगळ्यांकडे लॅपटॉपला मॉनिटर लागलेला असतो आणि हा प्रॉब्लेम आला की जो तो आधी इंटरनेटवाल्याशी भांडतो. ज्याला यातलं काही माहीत नाही त्यालाही जमेल अशा क्रमाने सांगतो. फुकटचे उपाय आधी आणि पैशाचे शेवटी, आणि माझ्या अनुभवाने बहुतेकांचं काम फुकटातच होतं.

हे होतं कशामुळे

एवढं समजलं की पुढची प्रत्येक पायरी आपोआप कळते, म्हणून दोन मिनिटं द्या.

वायफाय म्हणजे रेडिओ. जुना आणि अजूनही खूप वापरला जाणारा पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा, म्हणजे साधारण २४०० ते २४८३ मेगाहर्ट्झ. ब्लूटूथ याच पट्ट्यात आणि वायरलेस माउसचं ते छोटं डोंगलसुद्धा बहुतेक याच पट्ट्यात. आता राउटर सोडतो साधारण शंभर मिलिवॉट, पण दोन भिंती ओलांडून तुमच्या बेडरूममधल्या लॅपटॉपपर्यंत येईस्तोवर त्यातलं उरतं एका वॉटचा अब्जावा भाग, तेही सिग्नल चांगला असेल तर. एवढं बारीक ऐकायचं काम लॅपटॉपचा अँटेना करत असतो, आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर तुम्ही एचडीएमआय वायर खुपसलेली असते जिच्यातून सेकंदाला अब्जावधी बिट्स धावतायत. वायरचं शिल्डिंग, म्हणजे आतल्या तारांवरची फॉइल आणि जाळी, चांगलं असेल तर तो गोंगाट आतच राहतो. शिल्डिंग कच्चं असेल किंवा कनेक्टरजवळ नीट जोडलेलं नसेल तर बाहेर गळतो. कानाला ऐकू येणारा आवाज नव्हे हा, रेडिओचा नॉइज, पण परिणाम तोच, वरातीच्या बँडशेजारी उभं राहून कुणी कानात कुजबुजलं तर जे होईल ते.

माझ्या केसमध्ये तर आकडेच जुळत होते. १४४० पी, म्हणजे माझ्या मॉनिटरचं २५६० बाय १४४०, आणि ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं, एवढ्याला एचडीएमआयचं घड्याळ, म्हणजे ज्या ठेक्यावर वायरीतले बिट्स जातात तो, साधारणपणे २४१.५ मेगाहर्ट्झवर चालतं. असा ठेका स्वतःच्या पटींवरही नॉइज सोडतो. त्याची दहापट करा, २४१५. आणि वायफायचं १ नंबरचं चॅनल कुठे बसतं, तर मधोमध २४१२, म्हणजे २४०२ ते २४२२ च्या दरम्यान. बरोब्बर त्याच्या डोक्यावर. माझा राउटर १ नंबरवरच होता. २०१९ साली रास्पबेरी पाय ४ हा छोटा कॉम्प्युटर आला तेव्हा याच रेझोल्यूशनला मॉनिटर लावला की त्याचं वायफाय बंद पडतं अशा तक्रारी आल्या होत्या, ते मला नंतर कळलं.

दुसरा चोर म्हणजे यूएसबी ३. आजकाल लॅपटॉपला पोर्टं कमी म्हणून आपण यूएसबी सी चं हब घेतो, त्यात एचडीएमआय पण असतं आणि निळी यूएसबी पोर्टं पण. यूएसबी ३ चा डेटा ५ जीबीपीएसने जातो आणि त्याचा नॉइज २.४ च्या अख्ख्या पट्ट्यावर पसरतो, एका चॅनलवर नाही. इंटेलनेच २०१२ साली यावर एक टिपण काढलं होतं, त्यात यूएसबी ३ ची हार्ड डिस्क जोडल्यावर या पट्ट्यातला नॉइज जवळजवळ २० डेसिबलने वाढलेला दाखवलाय. २० डेसिबल म्हणजे शंभर पट. त्यामुळे कित्येकदा लोक मॉनिटरला शिव्या देतात आणि खरा दोषी असतो मॉनिटरसाठी घेतलेलं हब.

पहिली पायरी: वायर काढून बघणे

काहीही बदलायच्या आधी हे करा, कारण याच्याशिवाय पुढचं सगळं अंधारात दगड मारणं आहे.

विंडोजमध्ये स्टार्ट दाबून सीएमडी टाइप करा, काळी खिडकी उघडेल. त्यात आयपीकॉन्फिग (ipconfig) लिहून एंटर मारा, खूप काय काय येईल, त्यात वायफायच्या खाली डीफॉल्ट गेटवे म्हणून एक आकडा असेल, १९२.१६८.१.१ किंवा तसाच काहीतरी. तो तुमच्या राउटरचा पत्ता. आता पिंग (ping) लिहा, स्पेस, तो पत्ता, स्पेस, मायनस टी (-t), एंटर. दर सेकंदाला एक ओळ यायला लागेल आणि शेवटी टाइम म्हणून मिलिसेकंद दिसतील. मॅकवर ऑप्शन बटण दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक केलं की राउटरचा पत्ता दिसतो, मग टर्मिनलमध्ये पिंग तसंच, फक्त मायनस टी लागत नाही. हे आपण इंटरनेट तपासत नाही आहोत हे लक्षात घ्या, फक्त लॅपटॉप ते राउटर एवढाच टप्पा तपासतोय, म्हणून इंटरनेटवाल्याचा यात काही हात नाही.

खिडकी लॅपटॉपच्या स्वतःच्या स्क्रीनवर ठेवा आणि मॉनिटर जोडलेला असताना एक मिनिट बघा. मग एचडीएमआय वायर लॅपटॉपमधून उपसा, परत एक मिनिट बघा. माझ्याकडे वायर असताना ओळी अशा येत होत्या: ४, ३१२, ७, ८९०, मग रिक्वेस्ट टाइम्ड आउट (म्हणजे उत्तरच आलं नाही), मग ५, मग ४४०. वायर काढली की ३, ४, ३, ३, ५, सरळ रेष. परत घातली, परत धिंगाणा. हे असं तीनदा करा, कारण एकदा योगायोग असू शकतो पण तीनही वेळा वायरीबरोबरच बिघडत असेल तर प्रश्न संपला.

इथे एक चूक बरेच जण करतात, मॉनिटरचं बटण दाबून तो बंद करतात आणि म्हणतात काही फरक पडला नाही. बटणाने मॉनिटर झोपला तरी बऱ्याचदा लॅपटॉप वायरीतून सिग्नल पाठवत राहतोच. वायरच काढायची.

मग अजून एक परीक्षा. वायर परत घाला, आणि विंडोज बटण आणि पी एकत्र दाबून पीसी स्क्रीन ओन्ली निवडा. वायर जागेवर, पण सिग्नल बंद. आता पिंग सुधारलं तर वायरीतून जाणारा सिग्नलच नॉइज करतोय. सुधारलं नाही पण वायर किंवा हब उपसल्यावर सुधारतं, तर संशय हबच्या यूएसबीवर.

हबवाल्यांनी हे पण करा: हबमधून एचडीएमआय काढा पण हब आणि त्यातली हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह तसंच ठेवा, आणि मग उलटं, एचडीएमआय ठेवा आणि बाकी सगळं काढा. दहा मिनिटं जातात पण कोण दोषी ते कळतं.

झाकण बंद ठेवता का?

हा मुद्दा वेगळा काढतोय कारण याचा नॉइजशी संबंध नाही आणि तरी लक्षणं तीच. बऱ्याच लॅपटॉपांत वायफायचा अँटेना स्क्रीनच्या वरच्या कडेला असतो, काहींत बिजागरीपाशी. मॉनिटर आला की लोक लॅपटॉपचं झाकण लावतात आणि उभ्या स्टँडमध्ये मॉनिटरच्या मागे सरकवून देतात. झालं, अँटेना झाकला गेला, समोर मॉनिटरचा पत्रा, मागे भिंत. माझ्या एका मित्राने यासाठी दोन वायरी बदलल्या, शेवटी लॅपटॉप मॉनिटरच्या मागून काढून शेजारी उघडा ठेवला आणि काम झालं. तर वायर जोडलेलीच ठेवून फक्त झाकण उघडून बघा, आणि लॅपटॉप दोन फूट बाजूला घेऊन बघा. सुधारलं तर पुढचं वाचायची गरजच नाही.

नॉइज आहे की सिग्नल कमी आहे

याने पुष्कळ लोक फसतात, मी पण फसलो होतो. वायफायच्या काड्या फुल्ल दिसतात आणि तरी चालत नाही. कारण काड्या फक्त राउटरचा सिग्नल किती येतोय ते सांगतात, शेजारी गोंगाट किती आहे ते नाही.

मॅक असेल तर हे बघणं फार सोपं आहे, ऑप्शन बटण दाबून धरा आणि वरच्या वायफायच्या चिन्हावर क्लिक करा, आरएसएसआय (राउटरचा सिग्नल किती येतोय तो) आणि नॉइज असे दोन आकडे दिसतील, दोन्ही मायनसमध्ये. आरएसएसआय मायनस ५५ आणि नॉइज मायनस ९२ असेल तर मधलं अंतर ३७, उत्तम. वायर जोडल्यावर आरएसएसआय तेवढाच राहिला पण नॉइज मायनस ७२ वर आला तर अंतर उरलं १७, म्हणजे बोंब. लिनक्सवाल्यांनी वेव्हमॉन हा प्रोग्रॅम टाकावा. विंडोजमध्ये नॉइज असा सरळ दिसत नाही, तिथे वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये लिंक स्पीड बघा, वायर काढल्यावर १४४ आणि जोडल्यावर १३ किंवा ६ वर येत असेल तर अर्थ तोच.

ब्लूटूथ इअरफोन त्याच वेळी खरखरत असतील, माउस अडकत असेल, तर ही फार मोठी खूण आहे, कारण ते पण त्याच पट्ट्यात. ठाण्याला माझी ताई ऑनलाइन शिकवण्या घेते, तिचा फोन आला होता, "अरे तू म्हणतोस वायफाय, पण माझा तर माउसच अडकतोय." विचारलं डोंगल कुठे लावलंय, तर हबमध्येच, हार्ड डिस्कच्या वायरीला अगदी खेटून. म्हटलं ते काढ आणि लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लाव. फोन चालू असतानाच तिने केलं आणि माउस सुटला. वायफाय मात्र तेवढ्याने सुधारलं नाही, त्याचं पुढे सांगतो.

आता उपाय: सगळ्यात आधी ५ गिगाहर्ट्झ

वायफाय सेटिंगमध्ये जा, तुमच्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीज उघडा, खाली नेटवर्क बँड दिसेल. तिथे २.४ लिहिलेलं असेल आणि तुमच्या राउटरला ५ गिगाहर्ट्झ असेल, तर अर्ध्याहून जास्त लोकांचा प्रॉब्लेम इथेच सुटतो. एचडीएमआयचा आणि ५ जीबीपीएसच्या यूएसबीचा त्रास मुख्यतः २.४ लाच होतो, ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात तो फार कमी पोचतो. १० जीबीपीएसची यूएसबी असेल तर ती वरपर्यंत जाऊ शकते, पण घरी आपण तेवढं क्वचितच वापरतो.

राउटरला ५ आहे की नाही हे बघायला फोनवर वायफायची यादी उघडा, एकाच नावाची दोन नेटवर्कं, एकाला शेवटी ५जी असं काहीतरी लावलेलं असेल तर आहे. (हे ५जी म्हणजे मोबाइलचं ५जी नव्हे, खूप लोक गोंधळतात.) एकच नाव दिसत असेल तरी आतून दोन्ही असू शकतात, राउटरच ठरवतो कुणाला कुठे बसवायचं, आणि बेडरूम लांब असेल तर तो तुम्हाला २.४ वर ढकलतो. अशा वेळी राउटरच्या पानावर जा, म्हणजे तोच गेटवेचा आकडा ब्राउझरमध्ये टाका, लॉगिन बहुतेक राउटरच्या मागच्या किंवा खालच्या स्टिकरवर असतं, वायरलेस सेटिंगमध्ये स्मार्ट कनेक्ट किंवा बँड स्टीअरिंग बंद करा आणि ५ ला वेगळं नाव द्या. मग लॅपटॉपला फक्त तेच जोडा आणि जुन्या नावावर जाऊन फरगेट करा, नाहीतर लॅपटॉप परत तिकडेच पळतो.

राउटरला हात लावायची भीती वाटत असेल तर विंडोजमधूनही जमतं. डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क अडॅप्टर्स, तुमच्या वायफाय कार्डवर डबल क्लिक, ॲडव्हान्स्ड टॅब, तिथे प्रिफर्ड बँड असेल तर प्रिफर ५ गिगाहर्ट्झ करा. सगळ्या कार्डांत हे नसतं.

अडचण एकच, ५ गिगाहर्ट्झ भिंतीत लवकर मरतं. राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे आणि तुम्ही आतल्या खोलीत, मध्ये जुन्या बांधकामाची जाड भिंत, तर ५ ची एकच काडी येईल. राउटर थोडा उंचावर, दाराच्या रेषेत आणता आला तर आणा, नुसतं टीव्हीच्या मागून काढून वर ठेवल्यानेही बराच फरक पडतो. आणि फायबरवाल्यांनी सुरुवातीला दिलेले कित्येक डबे फक्त २.४ चे असतात, तसा असेल तर पुढची पायरी.

चॅनल बदला

हे २.४ वरच राहणं भाग असलेल्यांसाठी, आणि माझा प्रॉब्लेम मुळात इथेच सुटला होता. राउटरच्या पानावर २.४ च्या खाली चॅनल ऑटो असेल, ते काढून ११ करा आणि विड्थ २० मेगाहर्ट्झ ठेवा, ४० नको. सेव्ह करा, राउटर मिनिटभर बंद होऊन चालू होईल, मग परत पिंग. १४४० पी आणि ६० हर्ट्झचा मॉनिटर असेल तर नॉइजचा काटा २४१५ पाशी असतो आणि ११ चं चॅनल २४६२ वर, म्हणजे बरंच लांब. ११ वर शेजाऱ्यांची गर्दी असेल तर ६ करून बघा. १, ६ आणि ११ हीच तीन चॅनलं एकमेकांवर चढत नाहीत, म्हणून मधले आकडे घेऊ नका.

पण त्रास यूएसबी ३ चा असेल तर चॅनल बदलून विशेष काही होत नाही, कारण तो सगळ्या पट्ट्यावर पसरलेला असतो. ताईच्या बाबतीत तेच झालं, ११ केलं, ६ केलं, काही नाही.

रेझोल्यूशन किंवा हर्ट्झ बदलून बघा

डिस्प्ले सेटिंग, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले, तिथे रिफ्रेश रेट. ६० सोडून ५० किंवा ७५ दिसत असेल तर करून बघा. हर्ट्झ बदलले की वायरीतलं घड्याळ बदलतं आणि नॉइजची जागा सरकते. तात्पुरतं १०८० पी करून बघा, तिथे घड्याळ १४८.५ मेगाहर्ट्झचं, त्याची १६ पट होते २३७६ आणि १७ पट २५२४.५, म्हणजे वायफायचा पट्टा बरोबर दोघांच्या मध्ये सुटतो. १४४० पी चा मॉनिटर १०८० वर कायमचा वापरा असं मी अजिबात सांगणार नाही, अक्षरं धुरकट होतात आणि डोळे दुखतात, पण निदान म्हणून ही परीक्षा फार चांगली आहे. १०८० ला वायफाय सुधारलं तर गळती एचडीएमआयचीच आहे, यात शंका नको.

अंतर आणि जागा

नॉइज अंतराने भराभर कमी होतो, त्यामुळे इंच इंच महत्त्वाचा. एचडीएमआय वायर लॅपटॉपच्या मागून वर जाऊन स्क्रीनला घासून जात असेल तर ती खालून फिरवा. दोन मीटरची वायर गुंडाळी करून लॅपटॉपखाली कोंबली असेल तर ती बाहेर काढा. हब लॅपटॉपला चिकटून लटकत असेल तर छोटी एक्स्टेंशन घेऊन ते टेबलाच्या दुसऱ्या टोकाला न्या. लॅपटॉपचं तोंड फिरवूनही फरक पडतो, कारण अँटेना आणि वायर यांच्यात लॅपटॉपचं शरीर आडवं येतं. पिंग चालू ठेवूनच हे सगळं करा म्हणजे लगेच दिसतं.

ताईचं शेवटी काय झालं ते सांगतो. तिच्या मॉनिटरला यूएसबी सी आहे, आणि मॉनिटरच्या मेनूत यूएसबी सी प्रायोरिटी का काहीतरी सेटिंग होतं, हाय डेटा स्पीड आणि हाय रेझोल्यूशन असे दोन पर्याय. ते हाय रेझोल्यूशनवर केलं की वायरीतल्या सगळ्या वेगवान जोड्या चित्रासाठी जातात आणि मॉनिटरची यूएसबी पोर्टं २.० च्या स्पीडला उतरतात. माउस, कीबोर्ड, वेबकॅम यांना तेवढं भरपूर होतं. तिने हब काढून टाकलं, एकच वायर मॉनिटरला, आणि हार्ड डिस्क लागेल तेव्हाच लावते. वायफाय त्या दिवसापासून ठीक. हे सेटिंग सगळ्या मॉनिटरांत नसतं पण असेल तर जरूर करून बघा, फार कमी लोकांना माहीत आहे.

पैसे खर्च करायचे तर कशावर

पहिला खर्च वायरीवर. बॉक्समधली वायर किंवा दुकानात काउंटरवर लटकवलेली दीडशेची वायर चित्र दाखवते, पण शिल्डिंगच्या नावाने बोंब असते. वायर घेताना पाकिटावर प्रीमियम हाय स्पीड किंवा अल्ट्रा हाय स्पीड असं लिहिलेलं आणि सोबत स्कॅन करायचं अधिकृत लेबल असलेली घ्या. ही सर्टिफिकेशनं नुसत्या स्पीडसाठी नसतात, वायरीतून बाहेर किती गळतं तेही त्यात तपासतात, आणि आपल्याला तेच पाहिजे. फोरके, एटके, सोन्याचा मुलामा, असलं नुसतं पाकिटावर छापलेलं असेल त्याला काही अर्थ नाही. लांबी लागेल तेवढीच, दीड मीटरमध्ये काम होत असेल तर पाच मीटर नको.

दुसरं, लॅपटॉपला डिस्प्लेपोर्ट किंवा चित्र देणारं यूएसबी सी असेल तर एचडीएमआय सोडून त्यावर जाऊन बघा. तिथे डेटाचा वेग रेझोल्यूशनप्रमाणे बदलत नाही, ठरलेले टप्पे असतात, त्यामुळे १४४० पी चं ते २४१५ वालं गणित लागू होत नाही. तिथेही वायर खराब असेल तर गळणारच, पण माझ्याकडे यूएसबी सी ते डिस्प्लेपोर्ट वायर घेतल्यावर १ नंबरच्या चॅनलवरही पिंग सरळ आलं.

ते काळं फेराइटचं डबडं वायरीवर बसवा असं कुणीतरी सांगतंच. बाजारात मिळणारी बहुतेक फेराइटं शेकडो मेगाहर्ट्झपर्यंतच्या नॉइजसाठी बनवलेली असतात, २४०० ला त्यांचा उपयोग तोकडा पडतो. पडून असेल तर लावून बघा, मुद्दाम विकत घेऊ नका. आणि स्वयंपाकघरातली फॉइल वायरीला गुंडाळायचा उपाय, तो फक्त परीक्षेपुरता, कनेक्टरपासून आणि उघड्या पोर्टांपासून लांब ठेवून, कारण फॉइलचा तुकडा पोर्टात गेला तर शॉर्ट होऊन लॅपटॉपच जायचा.

आणि सगळ्यात खात्रीचं म्हणाल तर लॅन केबल. टेबल एका जागी आहे, तिथे बसूनच काम करता, तर राउटरपासून कॅट ६ ची केबल भिंतीच्या कडेने आणा, लॅपटॉपला लॅनचं पोर्ट नसेल तर यूएसबीचं लॅन अडॅप्टर लावा. ते अडॅप्टर स्वतः यूएसबी ३ चं असलं आणि थोडा नॉइज करत असलं तरी आता वायफायच लागत नाही त्यामुळे बिघडत नाही, फक्त माउसचं डोंगल त्याच्या शेजारी लावू नका. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडता येत नाही, तर दाराच्या चौकटीखालून चपटी लॅन केबल जाते, मी तशीच नेलीय.

ड्रायव्हर अपडेट, नेटवर्क रिसेट वगैरे करायला हरकत नाही, पण पिंग वायरीबरोबर बिघडतं हे तीनदा दिसलं असेल तर त्यात वेळ घालवू नका. एक अपवाद, डॉक (म्हणजे हबचाच मोठा भाऊ) लावल्यावर वायफाय पूर्ण बंदच होत असेल, स्लो नाही, बंदच, तर काही लॅपटॉपांच्या बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, लॅन जोडलं की वायफाय आपोआप बंद करायचं सेटिंग असतं, आणि डॉकमध्ये लॅनची केबल असेल तर ते लागू होतं. ते बंद केलं की झालं.

इतकं करूनही सुटलं नाही तर

चांगली वायर लावली, ५ वर गेलात, हब लांब केलं, आणि तरी वायर घातली की वायफाय पडतंच, तर लॅपटॉपच्या आतलं काहीतरी असू शकतं. वायफाय कार्डवर अँटेनाच्या दोन बारीक वायरी दाबून बसवलेल्या असतात, रॅम किंवा एसएसडी बदलताना कुणीतरी उघडलेला लॅपटॉप असेल तर त्यातली एखादी निसटलेली सापडते, मग सिग्नल आधीच कमी आणि जरासा नॉइजही भारी पडतो. वॉरंटी असेल तर स्वतः उघडू नका. सर्व्हिस सेंटरला जाताना दोन फोटो घेऊन जा, एक वायर जोडलेली असतानाच्या पिंगच्या खिडकीचा आणि एक वायर काढल्यावरचा, दोन्हींत बँड आणि चॅनल कुठलं होतं ते लिहून. जमलं तर तीच एचडीएमआय वायर पण न्या आणि काउंटरवर त्यांच्या मॉनिटरला जोडून समोर करून दाखवा, आणि अँटेनाच्या वायरी बसलेल्या आहेत का एवढं बघायला स्पष्ट सांगा, नाहीतर विंडोज फॉरमॅट करून तसाच परत देतात.